लाडक्या बहिणीच्या वाटेतली वेडीवाकडी अक्षरे

महाराष्ट्र शासनाने 18 सप्टेंबर 2025 रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील प्रत्येकीला ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, सक्तीची केली. त्या निर्णयाची राजकारणाच्या अंगाने भरपूर चर्चा झाली. कोण पात्र, कोण अपात्र, तिजोरीवर भार किती. योजनेतल्या बाईला मोबाईलच्या पडद्यावर नेमके काय काय करावे लागते, याकडे मात्र फार कुणी पाहिले नाही. आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, चौकटीतली वेडीवाकडी अक्षरे, म्हणजे कॅप्चा, ओळखून जशीच्या तशी लिहायची, संमती द्यायची, मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. तेवढ्यावर भागत नाही. नंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा अक्षरे, पुन्हा ओटीपी. हा दुसरा ओटीपी जातो त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर. नवरा कामावर असला तर त्याला फोन करून आकडा विचारायचा, आणि तो मिळेपर्यंत ओटीपीची मुदत टळलेली असते.

मंत्रालयात बसून आखताना या पायऱ्या सोप्या वाटल्या असतील. गोवंडीत त्या चढताना काय होते, ते पाहायला हवे. मुंबई महापालिकेच्या ‘एम पूर्व’ प्रभागातला हा भाग. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा प्रभाग शहरात अगदी तळाला होता. त्याचा निर्देशांक होता 0.05. 1927 पासून चालत आलेले देवनारचे डम्पिंग ग्राउंड, त्याच्या आसऱ्याने वाढलेली शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर, पत्र्याच्या खोल्या, त्यांवर चढवलेले पोटमाळे, जरीकामाचे छोटे कारखाने. अनेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो दिवसभर कमावत्या माणसाच्या खिशात. बायकांचे शिक्षण कुणाचे मराठीत, कुणाचे हिंदीत, कुणाचे पालिकेच्या उर्दू शाळेत, तेही कित्येकींचे चौथी-सातवीपर्यंतच.

आता ती कॅप्चाची चौकट जवळून बघा. पान मराठीत, सूचना मराठीत, पण ओळखायची अक्षरे बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजी. काही कॅपिटल, काही स्मॉल, मध्येच आकडे, वरून आडवी रेघ मारलेली आणि मागे ठिपक्यांची जाळी. शून्य की ओ, एक की एल, पाच की एस, हे ठरवायचे. कीबोर्ड मराठी किंवा उर्दूवर असेल तर तो आधी बदलायचा. कॅपिटलसाठी बाणाची कळ दाबायची. आकड्यांसाठी कीबोर्डचे दुसरे पान उघडायचे, परत अक्षरांवर यायचे. तेवढ्यात वरून मेसेज उतरतो आणि अर्धा पडदा झाकतो. मेसेज वाचायला बाहेर पडावे, तर कमी मेमरीचा जुना फोन परत येताना पान नव्याने उघडतो आणि कॅप्चा बदललेला असतो. असे दोन-तीनदा झाले की फोन घेऊन कोपऱ्यावरच्या सायबरवाल्याकडे जायचे आणि म्हणायचे, दादा, एवढे भरून द्या.

खरा धोका इथून सुरू होतो. दुकानात ती बाई आपले आधार कार्ड देते, नवऱ्याचे देते, फोन देते, आणि ओटीपी आला की तो मोठ्याने वाचून दाखवते. याच फोनमध्ये तिचे बँकेचे मेसेज असतात, कधी यूपीआयचे ॲपही. बहुतेक दुकानदार सरळ असतात, मान्य. पण ओटीपी कुणालाही सांगू नका असे बँका, पोलीस आणि शासन वर्षानुवर्षे बजावत असताना, शासनाचेच संकेतस्थळ तिला तो परक्या माणसाला सांगायला भाग पाडते. जी तटबंदी ओलांडण्यासाठी आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते, तिला सुरक्षा म्हणता येणार नाही. सुरक्षेचे कोडे सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने सुटत नसेल तर ते त्याला अधिक असुरक्षित करते, म्हणून असे कोडे लावण्यापूर्वी ते कुणाला सुटते हे मोजलेच पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: लोक अडाणी आहेत, लक्ष देत नाहीत, घाई करतात. या उत्तराची तपासणी आता मेंदूच्या पातळीवर झालेली आहे, आणि तिचे निष्कर्ष आपल्या धोरणकर्त्यांपर्यंत पोचायला हवेत.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्रात अजय न्यौपाने, नितेश सक्सेना, राजेश काना आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना एफएमआरआय यंत्रात झोपवून खरी आणि बनावट संकेतस्थळे दाखवली, आणि वाचता वाचता मध्येच येणारे धोक्याचे इशारेही दाखवले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण प्राणवायूनुसार बदलतात. सेजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवून दिलेल्या या तत्त्वावर हे यंत्र चालते. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. बनावट संकेतस्थळ ओळखताना निर्णय, लक्ष आणि समस्या सोडवणे यांच्याशी निगडित भाग चांगलेच राबत होते, तरी उत्तरे मात्र अंदाजाने ठोकून द्यावी त्यापेक्षा फार बरी नव्हती. उलट, स्पष्ट शब्दांतला इशारा समोर आला की बहुतेकांनी तो ऐकला. म्हणजे माणसे आळशी नव्हती. डोके लावत होती. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्नच असा होता की डोके लावूनही उपयोग होऊ नये.

युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अँथनी व्हान्स, बॉनी अँडरसन, ब्रॉक कर्वान, जेफ्री जेंकिन्स आणि डेव्हिड आर्गल यांनी याच वाटेने पुढचे काम केले. तोच सुरक्षा-इशारा परत दाखवला तर मेंदूच्या दृश्यभागांची हालचाल दुसऱ्याच वेळी झपाट्याने घसरते, असे त्यांना 2015 मध्ये आढळले. इशाऱ्याचे रूप दर वेळी बदलले तर ही घसरण कमी होते. 2016 च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासाचा ई-केवायसीशी थेट संबंध आहे. एक काम चालू असताना मध्येच सुरक्षेचा संदेश आला, तर मेंदूत स्मृतीशी निगडित भागाची हालचाल मंदावते आणि माणूस संदेशाकडे दुर्लक्ष करतो. गुगलच्या क्रोम ब्राउझरच्या अभियंत्यांबरोबर केलेल्या प्रयोगात व्हिडिओ पाहताना आलेला संदेश 79 टक्के लोकांनी बाजूला सारला. एका खिडकीतला पडताळणी क्रमांक दुसरीकडे नेऊन भरताना आलेला संदेश तब्बल 87 टक्क्यांनी.

पडताळणी क्रमांक इकडून तिकडे नेणे म्हणजे आपला ओटीपी. संगणकाला सरावलेली माणसेही ओटीपीसारखा आकडा डोक्यात धरून असताना दुसरे काही नीट पाहू शकत नाहीत. मग त्याच क्षणी गोवंडीतल्या बाईने रेघांआडची इंग्रजी अक्षरे आणि खालचा संमतीचा मजकूर समजून घ्यावा, ही अपेक्षा मेंदूच्या घडणीलाच धरून नाही. ई-केवायसीत पुढे घोषणांचा टप्पा होता. कुटुंबातील कुणी सरकारी नोकरीत ‘नाही’, या धाटणीचे नकारार्थी विधान, आणि त्यावर होय की नाही निवडायचे. कॅप्चा आणि ओटीपीने दमलेल्या कित्येकींनी उलटे उत्तर दिले. पुढे शासनाला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागली. मुदतही 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवण्यात आली होती. चूक बायकांची होती, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

कॅप्चाचा स्वतःचा इतिहासही बरेच काही सांगतो. 2000 च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम आणि लुइस फॉन आन यांच्या गटाने ही कल्पना रुजवली: माणसाला सोपे आणि यंत्राला अवघड असे कोडे. पंचवीस वर्षांत पारडे फिरले. 2010 मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन लाखांहून अधिक कॅप्चा लोकांकडून सोडवून घेतले. एकच चित्र तीन जणांना दिले तर तिघांचे उत्तर जुळण्याचे प्रमाण 71 टक्के निघाले. आवाजी कॅप्चात ते 31 टक्क्यांवर आले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना वेळ जास्त लागत होता. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रातील गटाने 1,400 जणांवर चाचणी केली. वेडीवाकडी अक्षरे वाचायला माणसांना 9 ते 15 सेकंद लागले आणि बरोबर उत्तरे 50 ते 84 टक्के आली. यंत्रांची नोंदलेली कामगिरी: एका सेकंदाच्या आत, जवळपास शंभर टक्के बरोबर. त्यानंतरच्या वर्षी झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी ट्रॅफिक सिग्नल आणि बस ओळखायला लावणारा गुगलचा चित्रकॅप्चाही संगणक प्रणालीकडून पूर्णपणे सोडवून दाखवला.

आणि यंत्र वापरायचे नसेल तर माणसे भाड्याने मिळतात. 2010 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेल्या बातमीत भारत, बांगलादेश आणि चीनमधल्या तरुणांना एक हजार कॅप्चा सोडवण्याचे 80 सेंट ते 1 डॉलर 20 सेंट मिळत असल्याचे दिले होते. म्हणजे घोटाळेबाज एका गरिबाला चार पैसे देऊन दार उघडून घेतो, आणि योजनेतले हक्काचे 1,500 रुपये मागणारी दुसरी गरीब त्याच दारातून आत जायला सायबरवाल्याला पैसे मोजते. ही स्थिती ज्या साधनाने आणली ते सरकारी पानांवर अजून ठाण मांडून का बसले आहे, याचे उत्तर मागायला हवे.

मेंदूच्या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवावा, असेही नाही. क्रेग बेनेट या संशोधकाने 2009 मध्ये एक मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. आकडेमोडीत पुरेशी दक्षता घेतली नाही तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते, हे त्याला सिद्ध करायचे होते. एखादा भाग उजळला म्हणजे माणसाच्या मनात अमुकच विचार आला, असे म्हणता येत नाही. शिवाय या अभ्यासांत सहभागी झालेल्यांची संख्या बहुधा वीस-पंचवीस, आणि त्यांतले बरेचसे अमेरिकी विद्यापीठांच्या आवारातले. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू पडतो: मानसशास्त्रीय प्रयोगांतले 96 टक्के सहभागी जगाच्या 12 टक्के लोकसंख्येच्या देशांतून येतात. उरलेल्या 88 टक्क्यांत गोवंडी आहे.

भारतातल्या साध्या माणसांना या यंत्रात घेऊन अभ्यास करणे अशक्य आहे का? अजिबात नाही. लखनऊजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून, शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेण्यात आली. मॅक्स प्लांक संस्था आणि लखनऊचे बायोमेडिकल रिसर्च सेंटर यांनी केलेला हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तीस जणांपैकी एकवीस जण शिकले, त्यांत बहुतेक तिशीतल्या बाया. अक्षर वाचायला शिकले की मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, खोलवरच्या दृश्यकेंद्रांतल्या देवाणघेवाणीतही बदल होतात, असे त्यात दिसले. पुढे त्याच भागात अधिक लोकांवर आणखी काम झाले. अक्षर ओळखणे ही मेंदूने महिनोन्महिने घडवलेली, लिपीच्या सरावावर उभी असलेली क्षमता आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचत आलेल्या, इंग्रजी अक्षरे फक्त बसच्या पाटीवर पाहिलेल्या बाईच्या डोळ्यांना रेघ मारलेला कॅपिटल ‘क्यू’ काय दिसतो, हे लखनऊच्या त्या कामानंतर तरी कुणी गृहीत धरू नये.

न्यायालयांनी ही बाब आपल्या परीने ओळखलेली आहे. कोविड लसीकरणाच्या धामधुमीत, 31 मे 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने को-विन संकेतस्थळावर दृष्टिहीनांना येणाऱ्या अडचणी नोंदवल्या. त्यांत पहिली होती ती कॅप्चाला आवाजी पर्याय नसल्याची. 30 एप्रिल 2025 रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, आणि केवायसी सर्वांना करता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, मगच तुम्ही जिवंत, अशी अट ज्यांना पापण्या हलवता येत नाहीत त्यांनाही घातली जात होती. कमी शिकलेल्या बाईला वेड्यावाकड्या अक्षरांत अडकवणे त्याच जातीचे आहे. जागतिक पातळीवर संकेतस्थळांचे सुगमतेचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनेही ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीत लॉग-इनसाठी स्मरणशक्तीची किंवा अक्षरे उतरवून काढण्याची परीक्षा हाच एकमेव मार्ग ठेवू नये, असे म्हटले आहे.

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती ऐकून घ्यायला हवी. कॅप्चा नसेल तर एखादा संगणकीय प्रोग्रॅम लाखो आधार क्रमांक टाकून पाहील, लोकांना नको असलेल्या ओटीपींचा मारा होईल, मेसेजचा खर्च वाढेल, सर्व्हर कोलमडेल. ऑक्टोबर 2025 च्या सुरुवातीला ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि तांत्रिक अडचण दूर करत असल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना सांगावे लागले. त्या गर्दीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांची तारांबळ उडाली असेल. पण हा बंदोबस्त करायला त्या बाईचा मेंदूच राबवावा लागतो असे नाही. एका फोनवरून ठरावीक वेळात किती मागण्या घ्यायच्या याची मर्यादा घालता येते. माणसाऐवजी त्याच्या फोनलाच पडद्यामागे छोटेसे गणित सोडवायला लावता येते. पानावर बोट कसे फिरते यावरून माणूस की यंत्र हे मागच्या मागे ओळखणारी प्रणाली आधार प्राधिकरणासाठी बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली आहे. शासनाच्या हाताशी असलेली ही साधने आहेत.

मेंदूचा असा अभ्यास करायला गोवंडी सोयीचीही आहे, हे विसरले जाते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1954 पासून शेजारी देवनारला आहे आणि ‘एम पूर्व’ प्रभागात तिने वर्षानुवर्षे काम केले आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. माणसे कशी शिकतात याचाच अभ्यास तिथे चालतो. पवईला आयआयटीचे डिझाइनचे शिक्षण देणारे आयडीसी आहे. एफएमआरआयची अवजड, कर्कश यंत्रे वस्तीत नेता येणार नाहीत, पण डोक्यावर टोपीसारखी चढवायची, प्रकाशाच्या आधारे कपाळामागच्या रक्ताचा ओघ मोजणारी एफएनआयआरएस नावाची उपकरणे नेता येतात. सक्सेना यांच्याच गटाने 2017 मध्ये खरे-खोटे संकेतस्थळ ओळखण्याच्या अभ्यासात ती वापरली होती. दाट काळ्या केसांतून प्रकाश नीट जात नाही आणि मोजणी बिघडते, ही त्या उपकरणांची उणीव माहीत असलेलीच आहे. इथल्या बायकांवर अभ्यास करायचा तर ती आधी सोडवावी लागेल. कपाळाचा भाग उघडा असल्याने तिथली मोजणी तुलनेने सोपी पडते.

एक अट मात्र पहिल्याच दिवशी घालून घ्यावी. गरिबांच्या मेंदूची नोंद ही फार नाजूक चीज आहे. ती अभ्यासापुरतीच राहावी, समजून दिलेल्या संमतीनेच घ्यावी, सहभागी बाईला दिवसाच्या मजुरीची भरपाई मिळावी, आणि तिची नोंद कुठल्याही योजनेच्या पात्रतेशी, आधारशी किंवा बँकखात्याशी कधीही जोडली जाऊ नये. ओळख पटवण्याचे आणखी एक साधन म्हणून मेंदूकडे पाहण्याचा मोह कुणाला झाला, तर तो अभ्यास तिथेच बंद करावा.

आणि अशा अभ्यासाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. बैंगनवाडीतल्या एखाद्या अंगणवाडीत पन्नास बायका बसवाव्यात, त्यांच्या हातात त्यांचेच फोन द्यावेत, आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागला, कोण कुठे अडकली, किती जणींनी शेजारणीला विचारले, हे घड्याळ लावून लिहून काढावे. सरकारी संकेतस्थळ सुरू होण्याआधी अशी चाचणी बंधनकारक व्हावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा. मेंदूच्या प्रतिमा त्यानंतर कामी येतात: चूक कुठे होते ते घड्याळ सांगते, ती का होते ते शोधायला प्रतिमा मदत करतात.

शासननिर्णयानुसार ही ई-केवायसी एकदाच करून संपणारी नाही. दरवर्षी जूनपासून दोन महिन्यांत ती पुन्हा करायची आहे. पुढच्या जूनआधी महिला व बालविकास विभागाला तीन गोष्टी करता येतील. आधार-ओटीपी मागवण्याच्या पानावरून अक्षरांचा कॅप्चा काढून मागणीची मर्यादा घालावी. नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी त्याच बैठकीत न मागता दिवसभरात केव्हाही भरण्याची मुभा द्यावी. घोषणेची वाक्ये सरळ, होकारार्थी करून मराठीबरोबर हिंदी आणि उर्दूतही द्यावीत. तिन्हींची चाचणी मे महिन्यात शिवाजीनगरच्या अंगणवाड्यांमध्ये घ्यावी, फोन त्या बायकांच्याच हातात ठेवून.